मोहतर्फा : कारागिराच्या हत्याराचे मोल कोणी ठरवावे ?

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहासाचा लेख द्यावयाचा म्हणजे मूळपुरुष, कुळे, देवके आणि पूर्वजांचे पराक्रम यांचे वर्णन करावे, अशी रूढी पडून गेली आहे. ती वाईट नाही. परंतु आपण कोष्टी पिढ्यान्‌पिढ्या ज्या मागावर जगलो, त्या मागाचाही एक इतिहास आहे आणि त्यात सरकारी दप्तराचा भाग थोडाथोडका नाही. या वर्षी आम्ही वाचकांपुढे एका जुन्या कराची हकीकत मांडण्याचे योजिले आहे. तो कर म्हणजे मोहतर्फा. आज हा शब्द फारसा कोणाच्या कानावरून जात नाही. तथापि त्यातून उद्‌भवलेला तंटा अद्यापि मिटलेला नाही. घरपट्टीच्या फेरआकारणीची अथवा दुसऱ्या कोणत्या कराची नोटीस हाती पडली की आपल्यापैकी पुष्कळजण गोंधळून जातात. कोणी ती कोनाड्यात ठेवून देतात, तर कोणी निमूटपणे पैसे भरून मोकळे होतात. म्हणून ही हकीकत केवळ जुनी म्हणून नव्हे, तर उपयोगाची म्हणून सांगावीशी वाटते.

मोहतर्फा हा शब्द मूळचा अरबी. ‘हिर्फत’ म्हणजे हुन्नर आणि ‘मुहतरिफ’ म्हणजे हुन्नरावर जगणारा. त्यावरून कारागीर व दुकानदार यांच्यावरील करांच्या समुच्चयास मोहतर्फा हे नाव पडले. शेतकऱ्याने जमिनीचा सारा द्यावा, वाटेने माल नेणाऱ्याने जकात द्यावी आणि ज्याच्याजवळ जमीन नाही व व्यापाराचा तांडाही नाही, अशा विणकर, तेली, सोनार, शिंपी, लोहार, वाणी इत्यादी लोकांनी मोहतर्फा द्यावा, अशी ही वाटणी होती. विणकराचा माग, तेल्याचा घाणा आणि वाण्याचे दुकान ही त्या कराची ठिकाणे. म्हणजे जमिनीच्या जागी आमचे हत्यारच मोजले जाई.

पेशवाई बुडाल्यानंतर दक्षिणेचे कमिशनर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावोगाव चालत असलेल्या पट्ट्यांची एक लांबलचक यादी दिली आहे. ती वाचली म्हणजे सामान्य माणसाची कोणती चीजवस्तू मोजण्यावाचून राहिली होती, असा प्रश्न पडतो. घरावर घरपट्टी अथवा उंबरसारा होता; तो ब्राह्मण व गावकामगार वगळून इतरांकडून घेत. म्हशीवर म्हैसपट्टी होती, शेळ्यामेंढ्यांवर बकरीपट्टी होती. वजनेमापे तपासून त्यांवर छाप मारण्याबद्दल बट्टेछापणी होती. कुंभार जी माती उचली, तिच्याबद्दल कुंभारकावा होता. बाजारात पाल ठोकून बसणाऱ्याकडून बाजारबैठक घेत. या यादीतच मोहतर्फा आहे आणि तो ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे कमीजास्त घेतला जाई, असा त्याचा विशेष सांगितला आहे.

‘ऐपतीप्रमाणे’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. साऱ्या तंट्याचे मूळ तेथेच आहे. शेताची पाहणी करता येते. बिघे मोजता येतात, पीक डोळ्यांस दिसते. कारागिराची ऐपत कशाने मोजावयाची? त्याच्या घरातील माग मोजणे सोपे, पण त्या मागावर वर्षातून किती महिने धोटा चालला, सूत रोखीने आणले की सावकाराकडून, लुगडे विकले गेले की घडी तशीच पडून राहिली, हे मोजणाऱ्यास दिसत नाही. दोन घरी दोन माग असले म्हणजे दोन्ही घरे सारखी झाली, असे मुळीच नाही. एका घरी ताणा करावयास दोन सुना व कांड्या भरावयास चार मुले असतील; दुसऱ्या घरी एकटा म्हातारा फणी धरून बसला असेल. यादीत मात्र दोन्हीकडे एकेकच माग !

आमचे मिरज शहर पेशव्यांच्या कारकिर्दीत पटवर्धनांकडे आले. थोरल्या माधवरावांनी त्यांना जो मोठा सरंजाम दिला, त्यात मिरजेचा किल्ला व ठाणे हे मुख्य होते. पुढे १८०१ साली सांगलीची शाखा वेगळी झाली, नंतर मिरजेच्याही थोरली व धाकटी अशा पात्या झाल्या आणि अखेर १९४८ च्या मार्च महिन्यात ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. लष्कराचे ठाणे आणि कृष्णाकाठचा सुपीक मुलूख यांमुळे येथील पेठ सहजच वाढली. जेथे पेठ तेथे कारागीर, आणि जेथे कारागीर तेथे मोहतर्फा, हा त्या काळचा क्रमच होता.

त्या वेळची पद्धत थोडक्यात अशी. घरांची व धंद्यांची खानेसुमारी होई. अंमलदार म्हणून कमाविसदार असे, परंतु पेठेतील माणसांची खरी माहिती शेटे व महाजन या वतनदारांपाशी असे. पुष्कळ ठिकाणी एकंदर रक्कम ठरून येई आणि ती घरोघर कशी वाटावयाची, हे शेटे-महाजन व ज्ञातीचे मेहेतरे मिळून पाहत. या पद्धतीत गुण होता तसा दोषही होता. गुण हा की, कोणाचा माग बंद आहे, कोणाच्या घरी कर्ता माणूस वारला आहे, हे पंचांस न सांगता ठाऊक असे आणि त्याचा बोजा इतरांनी थोडाथोडा उचलता येई. दोष हा की, ज्याचे महाजनाशी वाकडे, त्याचे ओझे वाढे. आणि त्याविरुद्ध दाद मागावयाची ती त्याच मंडळींपुढे, नाहीतर पायपीट करून हुजुरात.

दाद न लागल्यास कारागिरापाशी एक शेवटचा उपाय असे, तो म्हणजे गाव सोडून जाणे. शेतकऱ्यास जमीन पाठीवर टाकून नेता येत नाही. विणकराला मागाचे लाकूड, फणी आणि धोटा बैलगाडीत घालून शेजारच्या संस्थानात जाता येत असे. राज्यकर्त्यांस हे पक्के माहीत होते. म्हणूनच नवी पेठ वसविताना किंवा ओस पडलेली पुन्हा भरविताना कौल देण्याची चाल होती. पहिली काही वर्षे कर माफ आणि पुढे वर्षावर्षाने थोडा थोडा वाढवीत न्यावयाचा, असा इस्तावा लिहून दिला जाई. आमच्या मते कराच्या आकारणीसंबंधी कारागिराने सरकारशी केलेला हा पहिला लेखी करारच होय. जेथे कौल होता, तेथे तंट्याला आधार होता. जेथे नव्हता, तेथे केवळ विनवणी होती.

इंग्रजी अंमल आल्यावर हे कर लगेच गेले नाहीत. आरंभी जुनी वहिवाट बहुतांशी तशीच चालू राहिली. मुंबई इलाख्यातील वाटेवरची जकात १८३८ साली उठली आणि १८४४ च्या १९ व्या कायद्याने शहरजकाती, मोहतर्फा व धंद्यांवरील इतर कर रद्द झाले. विणकराच्या दृष्टीने हा मोठाच दिवस म्हटला पाहिजे. तथापि येथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, हा कायदा कंपनीच्या मुलखापुरता होता. दक्षिणेकडील बेळगाव कलेक्टरीतील कारागिराला त्याचा लाभ झाला; संस्थानी मुलखातील कारागिराची गोष्ट त्याच्या त्याच्या दरबारच्या मर्जीवर राहिली. दुसरी अशी की, सरकारने एका हाताने सोडलेले दुसऱ्या हाताने घेतले. या करांच्या बदली मिठावरील कर दर मणास आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरत शहरात लोकांनी दंगा केला आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. हत्यारावरचा कर उठला, तो चुलीवर येऊन बसला. मात्र एक फरक विचार करण्याजोगा आहे. मिठाच्या करात कोणाच्या घरात शिरून काही मोजावे लागत नाही; म्हणून त्यावर तक्रार करावयास एकट्यादुकट्या माणसाला जागाच राहत नाही. मोहतर्फ्यात अन्याय होता, पण तो बोट ठेवून दाखविता येत होता.

मद्रास इलाख्यात हा कर त्यानंतरही चालू राहिला. तेथे १८५२ साली स्थापन झालेल्या मद्रास नेटिव्ह असोसिएशनने विलायतच्या पार्लमेंटकडे जो अर्ज पाठविला, त्यात मोहतर्फ्याविरुद्ध एक मोठी मार्मिक तक्रार आहे. विणकर, सुतार, धातुकाम करणारे, रस्त्याच्या कडेला बसून किरकोळ जिन्नस विकणारे यांतील कोणीही सुटत नाही. कित्येकांना तर आपल्या हत्यारांबद्दलच कर द्यावा लागतो आणि तो पुष्कळ वेळा हत्याराच्या किमतीच्या सहापट भरतो, असे तीत म्हटले आहे. आमच्या शाळेतील मुलांनाही हे गणित कळले असते. रुपयाचे हत्यार आणि सहा रुपयांचा कर ! अर्जदारांनी येथे नुसते गाऱ्हाणे मांडले नाही. वस्तूची किंमत आणि कराची रक्कम शेजारी शेजारी ठेवून दाखविली. आकारणीविरुद्ध भांडण्याची हीच खरी रीत होय.

१८५७ च्या बंडानंतर तिजोरी रिकामी झाली, तेव्हा सरकारने १८६० साली आयकर आणला. वार्षिक दोनशे रुपयांवर ज्याची प्राप्ती, त्याला तो लागू होता. दोनशे ते पाचशेपर्यंत शेकडा दोन आणि त्यापुढे शेकडा चार असा दर होता. आता माग मोजावयाचा नव्हता, तर मागापासून होणारी मिळकत मोजावयाची होती. तत्त्व म्हणून ही सुधारणाच होती. परंतु लहान कारागिराजवळ हिशेबाची वही कोठली? वही नाही म्हणजे अंमलदाराचा अंदाज, आणि अंदाज म्हणजे पुन्हा तीच जुनी ‘ऐपत’. लहान लोकांना त्रास फार आणि वसूल थोडा, असा अनुभव येऊन १८६२ साली पाचशे रुपयांखालील लोकांस सूट मिळाली आणि १८६५ साली तो करच तूर्त बंद झाला.

त्यानंतर १८७८ साली लायसेन्स टॅक्स आला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने आपला सर्व दक्षिण महाराष्ट्र होरपळून निघाला होता. पुढील दुष्काळासाठी शिल्लक टाकावयाची, हे या कराचे कारण सांगितले गेले. वर्षाला अवघे शंभर रुपये मिळविणारा धंदेवाईकही त्यात सापडला. म्हणजे ज्यांना दुष्काळाने झोडपले, त्यांच्याकडूनच दुष्काळाची वर्गणी ! एप्रिल १८७८ मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेविली, दंगा झाला, गोळीबार झाला. पुढे जो खटला भरण्यात आला, त्यात आरोपींच्या वतीने फिरोजशहा मेहता उभे राहिले व आरोपी सुटले. दोन वर्षांनी, १८८० साली, करमाफीची मर्यादा पाचशे रुपयांवर नेण्यात आली. १८८६ च्या आयकराच्या कायद्यातही तीच मर्यादा राहिली. शिवाय आकारणी मान्य नसल्यास कलेक्टरकडे अर्ज आणि त्यावर कमिशनरकडे फेरतपासणी, अशी पायरी कायद्यातच घातली गेली. जे पूर्वी गाव सोडून साधावे लागे, ते आता अर्जाने साधण्याची सोय झाली. पुढे १९४१ साली आयकराच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापन झाले, हे याच वाटेवरील पुढचे पाऊल होय.

आता आपल्या घराजवळच्या गोष्टीकडे वळू. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि या भागातील विणकामाचे रूपच पालटले. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे खड्ड्याच्या मागावरून उठून यंत्रमागाकडे गेली. स्वातंत्र्यानंतर यंत्रमागाच्या कापडावर केंद्र सरकारचे उत्पादन शुल्क बसले, तेव्हा प्रत्येक लहान कारखान्यातील कापड मोजणे अशक्य म्हणून दर मागामागे ठरावीक रक्कम घेण्याची पद्धत निघाली; थोडे माग असणाऱ्यास माफी अथवा सवलत आणि संख्या वाढेल तसा चढा दर. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, शंभर वर्षांमागे कायद्याने पुरलेला मोहतर्फा येथे पुन्हा डोके वर काढून उभा राहिला. परिणामही तोच झाला. एका कुटुंबाचे माग कागदोपत्री भावाभावांत, सुनांत, मेहुण्यांत वाटले गेले. अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखालील यंत्रमाग चौकशी समितीने १९६४ साली अहवाल दिला, तिलाही या विभागणीची दखल घ्यावी लागली. कराने धंद्याचे माप बदलले; मोठा होण्याजोगा कारखाना लहानच राहिला आणि नावापुरत्या वाटण्यांतून कित्येक घरांत खरे तंटे उत्पन्न झाले. कर चुकविण्यासाठी केलेली ही विभागणी आम्ही वाखाणीत नाही. परंतु संख्या मोजून बसविलेला कर माणसाला संख्या लपविण्यास शिकवितो, हा धडा राज्यकर्त्यांनीही घ्यावयास हवा होता.

इतके सगळे पाहिल्यावर कोणी म्हणेल की, दीडशे वर्षांत काहीच सुधारले नाही. ते खरे नव्हे. हत्यार ही संपत्ती नसून उपजीविकेचे साधन आहे, हे तत्त्व कायद्याने हळूहळू, पण निश्चितपणे मान्य केले आहे. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या ६० व्या कलमान्वये हुकूमनाम्याच्या वसुलीत ऋणकोच्या अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. १९२२ च्या आयकर कायद्याने यंत्रसामग्रीची दरसाल होणारी झीज नफ्यातून वजा करू दिली. यंत्र जुने होते, त्याचे मोल उतरते, ही गोष्ट सरकारी हिशेबात आली. १९५७ साली संपत्तीकर आला, त्यातही घरगुती सामानसुमान वगळलेले होते आणि आपला व्यवसाय चालविण्यास लागणारी हत्यारे-उपकरणे वीस हजार रुपयांच्या मर्यादेपर्यंत माफ होती. त्या कायद्यात दागिन्यांवरून मोठा वाद झाला. स्त्रीने अंगावर घालण्याचे दागिने ही वापरातील चीजवस्तू की संपत्ती? सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली करदात्याच्या बाजूने निकाल दिला. लगेच १९७१ साली संसदेने कायदा दुरुस्त करून दागिने माफीतून काढले. तो संपत्तीकर २०१५ च्या वित्त कायद्याने समूळ रद्द झाला. वापराची वस्तू कोणती आणि साठ्याची कोणती, ही सीमारेषा मात्र नेहमीच भांडून ठरत आली आहे.

घरपट्टीतही तेच. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात इमारतीचे करयोग्य मूल्य काढताना तीतील यंत्रसामग्रीची किंमत धरू नये, असे स्पष्ट कलम आहे. म्हणजे जागेचा कर जागेवर. आत चाललेल्या मागावर नव्हे. पण यंत्र कोठे संपते आणि इमारत कोठे सुरू होते? पेट्रोलच्या प्रचंड टाक्यांविषयी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९० साली त्या करास पात्र ठरल्या. धंद्यावरील करही नाहीसा झालेला नाही. महाराष्ट्राचा १९७५ चा व्यवसायकर आपण भरतोच. मात्र राज्यघटनेने त्याला वर्षाला अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. मोहतर्फ्याला अशी मर्यादा कोणी घातली नव्हती, एवढा फरक लहान नव्हे.

मिरजेची तंतुवाद्ये आज देशभर नावाजली आहेत. येथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती करणाऱ्या कारागिराच्या दुकानात डोकावून पाहावे. रंधा, पटाशी, कानस, गिरमिट, वाळलेले भोपळे आणि लाकूड. बाजारात या सर्वांची किंमत ती काय होणार? मोल आहे ते बोटांत व कानांत, आणि ते कोणत्याही यादीत चढविता येत नाही. विणकराचेही तसेच आहे. म्हणूनच हत्यारावरून माणसाची ऐपत ठरविण्याचा प्रयत्न दर वेळी फसला.

या हकीकतीवरून आमच्या ज्ञातिबांधवांनी काय घ्यावे? पहिले हे की, आकारणी म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. ती माणसाने केलेली असते, बहुधा घाईने आणि बाहेरून पाहून केलेली असते. दुसरे हे की, तिच्याविरुद्ध बोलण्यास कायद्याने जागा ठेविली आहे, पण ती मुदतीपुरती. १९९८ साली सांगली, मिरज व कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. तिला लागू असलेल्या कायद्यातही आकारणीवर लेखी तक्रार, तीवर सुनावणी आणि पुढे न्यायालयात अपील अशा पायऱ्या आहेत. नोटिशीत लिहिलेली तारीख टळून गेली म्हणजे खरी तक्रारही व्यर्थ जाते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, तक्रारीला कागद लागतो. माग केव्हा घेतला, कितीला घेतला, किती महिने बंद होता, जागा किती चौरस फूट आहे, तीत राहणे किती व कारखाना किती, याची नोंद घरात असली पाहिजे. जुन्या काळी ही नोंद पंचांच्या डोक्यात असे. आज पंच राहिले नाहीत. वही तरी राहू द्यावी.

आपल्या संघाने विद्यार्थ्यांस वह्या वाटण्याचा उपक्रम चालविला आहे, तो स्तुत्यच आहे. त्याच्या जोडीला महिन्यातून एका रविवारी दोन तास, ज्यांना नोटीस आली असेल त्यांची नोटीस वाचून दाखवावी, मुदत सांगावी, अर्ज लिहून द्यावा, एवढे काम संघाने हाती घेतले, तर खर्च काही नाही आणि उपयोग मोठा आहे. हे काम करावयास आमच्यासारखे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांचे अक्षर चांगले आहे आणि वेळही मोकळा आहे. पूर्वजांनी अन्यायाची आकारणी झाली म्हणजे माग गाडीत घालून गाव सोडले. आपल्याला गाव सोडावयाचे कारण नाही. अर्ज मात्र वेळेवर केला पाहिजे.